पाचवा तास, वाऱ्याचा दिवस

ग्रिम्सबीच्या स्टाफरूममध्ये म्हणतात,
वारा सुटला की मुलं बिथरतात.
मला हे कुणी सांगायला नको होतं.
आमच्याकडे वासरू वारं पितं.

आज तो थेट बंदरावरून आला,
मासळीचा वास घेऊन,
जेवणाच्या सुट्टीनंतर,
नववीच्या वर्गात, आम्ल आणि अल्कलीच्या धड्यावर.

दारातच कुणीतरी: "मिस गॅस!"
घैसास हे आडनाव इथे तीन आठवडे टिकलं,
मग त्यातलं उपयोगी तेवढं त्यांनी ठेवून घेतलं.
मी चिडत नाही. रसायनशास्त्राच्या बाईला
याहून वाईट नाव मिळू शकलं असतं.

टक्. टक्.
जेन्सन हॅलम, खिडकीकडचं तिसरं बाक.
स्टूल मागे, स्टूल पुढे.
टेगन हसते म्हणून ऑस्कर हसतो,
ऑस्कर हसतो म्हणून मागची अख्खी ओळ,
आणि तेवढ्यात कुणीतरी निळा लिटमस
जिभेला लावून बघतं.
निळाच राहतो. त्या तासाचं
वहीत न उतरलेलं एकमेव निरीक्षण.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, आवाज चढवू नका, उतरवा.
नाव घ्या आणि थांबा.
थांबण्यावर फार भर होता.

कराडला आमचे सातपुते सर थांबत नसत.
डस्टर भिरकावत, आणि नेम चांगला होता.
अंगठे धरून उभं राहिलं की
जग कसं दिसतं ते मला अजून पाठ आहे:
उलटी फरशी, उलट्या चपला,
कानात रक्ताची गाज.
गणित कुठलं चुकलं होतं
ते मात्र आठवत नाही.

म्हणून नाव घेतलं. फळ्यावर लिहिलं. जेन्सन.
टक्.
नावापुढे एक खूण.
टक्. टक्.
दुसरी.
तिसरीला लाल चिठ्ठी, आणि लाल चिठ्ठी म्हणजे
तळमजल्यावरची ती खोली,
जिथे मुलं भिंतीकडे तोंड करून बसतात
आणि जिथून कुणी
आम्ल-अल्कली शिकून वर आलेलं
मी पाहिलेलं नाही.

चिठ्ठी फाडून हातात घेतली,
त्याच्या बाकापाशी गेले, नुसती उभी राहिले.
त्याची पेन्सिल खाली पडली होती,
ती उचलायला वाकले
(वाकायची सवय जुनी)
तर दिसलं,
स्टुलाच्या एका पायाचं रबरी बूड गेलेलं.

"डुगडुगतं, मिस," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.
"सप्टेंबरपासून."

बाहेर फेब्रुवारी होता.

चिठ्ठीवर त्याचं नाव अर्धं लिहून झालं होतं.
मी तिची घडी घातली, घडीची घडी,
आणि पायाखाली सारली.
आवाज थांबला.
कोपऱ्यातला नळ गळतोय
हे आम्हा सत्तावीस जणांना एकदमच कळलं.

इथे संपवलं तर बरं दिसेल,
पुढच्या प्रशिक्षणात सांगता येईल.
पण गुरुवारी त्याच जेन्सनने
त्याच नळाला रबरी नळी लावली
आणि ऑस्करला अभ्यंगस्नान घातलं,
वह्यांसकट, माझ्या हजेरीपटासकट.
मी थांबले नाही, आवाज उतरवला नाही.
"ऊठ! चल, बाहेर हो!"
मराठीत. सातपुते सरांच्या पट्टीत.
एक शब्द कुणाला कळला नाही
आणि सगळा वर्ग ताठ बसला.
जेन्सन ओल्या बुटांनी निघून गेला,
आणि मला माझाच आवाज
बराच वेळ ओळखता आला नाही.

त्या स्टुलावर आता टेगन बसते.
हलत नाही.

शुक्रवारी मिस्टर आउथवेट चिठ्ठ्यांचं पुस्तक चाळत होते.
नंबर जुळेना. एकशे अठरानंतर एकशे वीस.
एक कुठे गेली, त्यांनी विचारलं.

म्हटलं, वापरात आहे.