डावीकडचा तिसरा

हळदोण्याहून टेम्पोतून कोमोद आला,
सागवानी, आठ खणांचा,
दोरखंडानं आवळलेल्या रेड्यासारखा.
लाकूड दामूचं, पितळ माझं:
म्हापशाच्या आमच्या शेडमध्ये वाटणी अशीच.

सोळा स्क्रू, एक दुसऱ्यासारखा नाही,
टोकं बोथट, कुणीतरी हातानं कानसलेली.
रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून मुठी ठेवल्या तरी
तिघे हटून बसले.
त्यांना तापली सळई टेकवून समजावलं.

मग मुठी सोलांच्या पाण्यात,
वर मीठ, जुना टूथब्रश,
फुलाच्या खाचांना बांबूची काडी.
पाणी आधी लाल, मग हिरवट,
मग ज्याला नाव नाही अशा रंगाचं.
रात्री जेवताना भाताला पितळेचा वास.

लग्नाआधी मयेला देवळाच्या समया घासायचे.
काळं राहिलं की आई म्हणायची,
देवाला तोंड दिसायला हवं त्यात.
इथं कायतान म्हणतो,
"खाचेतलं काळं काढू नकोस हां, बाय,
त्या काळ्याचेच तर पैसे."
पंधरा वर्षांत एवढं शिकले,
कुठं थांबायचं.
हाताला मात्र अजून पटत नाही.
तो शिरतोच खाचेत,
मी मनगट धरून मागं ओढते.

सात मुठींवर फूल निघालं,
पाकळ्या मोजाव्यात इतकं.
आठवीवर नाही.
मळ असेल म्हणून पुन्हा सोल चोळलं.
फूल नव्हतंच.
कुणाच्या दोन बोटांनी नेलं होतं ते,
रोज थोडं थोडं.

डावीकडचा तिसरा खण.
गिऱ्हाईक म्हणेल, पत्रं असतील, आफ्रिकेहून आलेली.
गिऱ्हाइकांना पत्रं फार आवडतात.
मला वाटतं, साबण असेल. किंवा साखर, मुलांपासून लपवलेली.
खण हुंगून पाहिला:
सागवान, आणि झुरळाची अंडी.

कायतान म्हणाला, "जोड बिघडते.
मुरादाबादची एक बसव.
अमोनियाच्या डब्यात एक रात्र ठेवली
की शंभर वर्षांची होते."
मी बरं म्हटलं.
बरं म्हणायला काय जातं.

शनिवारी तो शिवोलीला लग्नाला गेला.
मी गुळगुळीत मूठ उचलली,
तोच खण, तीच भोकं, तेच दोन स्क्रू.
नवी टाकली खिळ्यांच्या डब्यात.
दामूनं पाहिलं, आणि पॉलिश पेपर
जरा जोरात घासायला लागला.

सोमवारी हॉटेलवाला आला.
फोन कानाला, कुणाशी तरी फरशीच्या भावावर भांडत.
पहिला खण उघडला, पाचवा उघडला,
फूल काय, पाकळी काय, बघितलंही नाही.
मग बोलता बोलता
त्याचा हात डावीकडे गेला
आणि तिथंच राहिला,
खण थोडा ओढायचा, थोडा लोटायचा,
ओढायचा, लोटायचा.

कायताननं मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी सोलांचं पाणी ओतायला
मागच्या दारी गेले.