खाणीकाठी, सव्वासहाला

वेताळ टेकडीच्या खाणीपाशी
दर रविवारी आम्ही सातजण बसतो.
"गप्प का गं?" असं इथे कुणी विचारत नाही.
एवढाच नियम,
तोही कुणी मोठ्याने ठरवलेला नाही.

निळकंठ टिबुकल्या मोजतो.
साबळेबाई थर्मासच्या झाकणात चहा ओततात,
झाकण फिरतं.

मध्ये दोन रविवार मी गेले नाही.
तिसऱ्याच्या आदल्या रात्री फिरोझचा निरोप:
"टिबुकल्या नऊ झाल्या. पिल्लं धरून."
बस.

परवा ऑफिसात, भर मीटिंगमध्ये,
"मला हे पटत नाही," म्हणाले.
आवाज कापरा होता, पण माझाच.

आज खाणीवर सांगून टाकलं,
पाण्याकडे बघतच.
टाळ्या नाहीत, काही नाही.
साबळेबाईंनी झाकण काठोकाठ भरलं
आणि पहिलं माझ्याकडे दिलं.
थोडा चहा सांडलाही.