रकाना सात

केरीच्या नाक्यावर रात्री तीनला
चोर्ला उतरून गाडी येते
तेव्हा आधी वास पोचतो,
मग ब्रेकचा आवाज, मग मडिवाळप्पा.

तेरा वर्षं मोजतो आहे मी या गाड्या.
जुन्या फॉर्मात दोनच प्रश्न होते:
किती, आणि त्यांतल्या मेलेल्या किती.
अठराशे. बावीस. शिक्का. जा.

या महिन्यात पणजीहून नवा कागद आला.
त्यात लिहिलंय, पक्षी उभा राहिला असता
तुरा क्रेटच्या छताला लागू नये.
मी हे वाक्य दोनदा वाचलं.
कुणीतरी पंख्याखाली बसून
तुऱ्याचा विचार केला होता.

मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन वर चढलो.
टॉर्च पडताच निळ्या जाळीआड
हालचाल झाली, सगळ्यांची मिळून एकच,
एकटीने हलायला जागा नव्हती.
पट्टी दोनदा लावली. चार बोटं कमी.
एक पाय फटीतून बाहेर आलेला,
तो आत सारला.
तापातल्या तान्ह्याच्या तळव्याइतका कढत.

रकाना सात: वाटेत पाणी पाजले काय?
मडिवाळप्पा हसला.
‘सायबा, बेळगाव सोडल्यापास्नं
मी तरी कुठं प्यालोय.
थांबलो की मालक भाडं कापतो.’
आणि रिकामी बाटली उलटी करून दाखवली,
पुरावा म्हणून.

आयतारा माझ्याही घरी शागुती शिजते,
खोबरं मीच किसतो, नळी मीच फोडतो.
पण शिजण्याआधी एक रात्र असते,
घाटातली, वळणावळणाची,
तिचा हिशेब आजवर कुणी मागितला नव्हता.

‘नाही’ लिहिलं. ‘उंची कमी’ लिहिलं.
शेऱ्यात: गाडी अडवली तर उभी करायला
नाक्यावर छप्पर नाही. नळ एकच,
तोही कर्मचाऱ्यांच्या पिण्याचा.

मग तोच सोडला.
आधी मडिवाळप्पा ओंजळीने प्याला, खूप वेळ.
नंतर अर्धी चिरलेली पाईप
आम्ही दोघांनी क्रेटांना टेकवून धरली.
चोची आल्या. कुणी भांडलं नाही,
भांडायला मान वळावी लागते.

कडेच्यांना पोचलं. मधल्यांना नाही.

मागे दोन गाड्या हॉर्न देत उभ्या होत्या.
मधल्यांसाठी फॉर्मात जागा नव्हती,
मी समासात लिहिलं,
बारीक अक्षरात, आडवं,
आणि शिक्का त्यावर पडणार नाही
एवढं बघितलं.