दोन ओळींचा लांजेवार

मे महिना. सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात
कूलर नुसता घरघरतो, वाळा केव्हाचा सुकलाय.
मी तीन टेबलं जोडतोय :
एकात नोकरीची वर्षं, एकात वारस,
तिसऱ्यात बँकेची खाती.
फायलीच्या नाडीसारखा दुवा एकच,
सेवा क्रमांक.
गाठ मारायची, एका क्वेरीत
सगळ्यांचं सगळं विचारून घ्यायचं.

बेरीज जुळेना.
एका माणसाची पेन्शन जास्त निघत होती.
खाली खाली सरकत गेलो, तर
देवाजी लांजेवार दोन ओळींत उभा.
तीच छत्तीस वर्षं वनखात्यात,
तीच मृत्यूची तारीख,
फक्त शेवटच्या रकान्यात
एकदा शकुन, राहणार इतवारी,
एकदा कौतिका, राहणार कळमेश्वर.

दुरुस्ती सोपी असते.
वारसाचा लहान क्रमांक ठेव, बाकीचे गाळ.
एक अट वाढवली, चालवली.
बेरीज जुळली.
कौतिका गेली.

माठाकडे जाताना पाहिलं :
बाहेरच्या बाकावर दोघी,
मधे एकच डबा,
एकीची भाकर दुसरीच्या ठेच्यात.
"तुम्ही दोघी... लांजेवारांच्या...?" मी अडखळलो.
"हो जी," थोरली म्हणाली,
"आमाले तीस वर्सांपासून मालूम हाये.
तुमच्या मशिनीले आज समजलं का?"
धाकटी हसली, पदरानं तोंड पुसलं,
झाकणातला कांदा माझ्यापुढे केला.

परत आलो. अट खोडली.
देवाजी पुन्हा दोन ओळींत.
साहेब चार वाजता येतील.
बेरीज चुकलीय, सर,
जोडणी बरोबर आहे,
असं म्हणून बघतो.