तांब्याचा केस

बाजाराच्या दिवशी, उन्ह चढायच्या आत
शालू टेंभुर्णेनं राजदूत ढकलत आणली.
चाकांत हवा नाही, सीटवर कोंबड्यांची पिसं.
"नऊ वर्सं गोठ्यात होती. बाबाची हाय, इकायची नाई.
एकडाव आवाज आयकू द्या फक्त."

बाबा म्हणजे पशुधनवाले टेंभुर्णे.
मागे नायट्रोजनचा डबा बांधून
मारेगाव ते करंजी, जिथं गाय माजावर
तिथं ही गाडी दारात.
म्हशी माझ्या गाडीचा आवाज ओळखतात, म्हणायचे.
आम्ही दुकानात हसायचो.

क्लिप सैल केली. कार्ब्युरेटर हातात आला,
केवढासा, सीताफळाएवढा.
तोंडाशी कुंभारीण माशीनं घर केलेलं,
चिखलाची तीन मडकी, आत वाळल्या कोळ्यांची शिदोरी.
खाली वाटी उघडली तर पेट्रोलची काकवी झालेली,
बोटाला चिकटली ती संध्याकाळपर्यंत निघाली नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवला.
पोटात डुचमळलं.
गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुड्यांची बारीक माळ निघाली,
तिथं खिळ्यानं खूण केली
आणि पोहनकर सोनाराकडे पाठवला:
तीळभर डाक दे, जास्त नको.
जड झाला तर तरंगायचा नाही,
आणि तरंगणं एवढंच त्याचं काम.

बाकी सगळं जर्मनच्या परातीत, पेट्रोलमध्ये.
सुई, स्लाइड, स्प्रिंग. दात घासायच्या जुन्या ब्रशनं
एकेक खाच. मग फुंकर.
गनीउस्ताद सांगायचे, जेटात फुंक मारायची,
तार नाई घालायची. पितळ मऊ असते, भोक मोठं होते,
मंग गाडी पेट्रोल पिते अन् मालक तुले शिव्या देते.

मेन जेट आभाळाकडे धरला.
भोकातून उजेड आला,
पण पुरा नाही. चतकोर.

चिमट्यानं ओढला तेव्हा निघाला
तांब्याचा एक केस,
दोन्ही टोकांना वाकवलेला, सुटू नये म्हणून.

ते वाकवणं माझं.
एकोणीस वर्षांचा होतो. उस्ताद सामान आणायला वणीला.
टेंभुर्णे म्हणाले, भत्ता पुरत नाही रे,
लिटरमागं काही वाढवून दे.
मेलेल्या हॉर्नची वायर सोलली,
एक धागा ओवला. पुढच्या महिन्यात काढू, म्हटलं.

पुढच्या महिन्यात नाही. पुढच्या वर्षी
करंजीच्या घाटात रात्री पिस्टन जाम झाला.
टेंभुर्णे पिशवी डोक्यावर घेऊन आठ मैल चालले,
कुणाचं तरी वासरू आडवं आलेलं.
पोचले तेव्हा उजाडलं होतं, एवढंच सांगितलं त्यांनी.
पंपवाल्यानं राकेल मिसळलं, म्हणाले.
मी मान हलवली.
सिलिंडर बोअर केला, पिस्टन नवा टाकला, बिल घेतलं.
जेट उघडला नाही.

"काय निघालं?" शालूनं विचारलं.
कचरा, म्हणणार होतो.
पेपरावर ठेवून दाखवला. सांगितलं सगळं,
घाटाचंसुद्धा.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "किती वाढलं होतं, लिटरमागं?"
सहा किलोमीटर.
"सहा," ती म्हणाली. ओठांतल्या ओठांत काही हिशेब केला.
"पाचवीत मले सायकल घेतली होती बाबानं.
आई इचारत राह्यली, पैसे कुठून आणले."
पेपरावरचा केस तिनं नखानं उचलला,
सुट्या पैशांच्या कप्प्यात टाकला.

फ्लोट आला. बसवला. स्क्रू पूर्ण आवळून
दीड फेरा मागे.
टिकलर दाबला, बोट ओलं झालं.
सातव्या किकेला धूर, अकराव्याला आवाज,
आधी खोकत, मग एका लयीत.

समोर गुजरीत पंधरा-वीस म्हशी बांधलेल्या.
एकीनंही वळून पाहिलं नाही.
"त्यातली कोणीच नसन आता," शालू म्हणाली,
आणि ॲक्सिलरेटर थोडा पिळला.