शिल्लक सात आणे

माझ्या अंगावर जर्सी कधी चढली नाही.
मी बारावा. माझ्याकडे वही होती,
लाल पाठीची, मिलच्या कचेरीतून मागून आणलेली,
आणि पहिल्या पानावर माझंच वळणदार अक्षर :
जुलै १९३८. ब्लॅडर एक, चौदा आणे.
चामड्याची वादी, दोन आणे.
लिंबं.
पुन्हा लिंबं.

कॉलेज म्हणजे सुताच्या जुन्या गोदामावरच्या चार खोल्या.
वर लॉजिकचा तास, खाली सरकीचा वास.
मैदान तेवढं मोठं मिळालं होतं,
काळ्या मातीचं, भेगाळलेलं,
पलीकडच्या शेतातली ज्वारीची धसं इकडे सांडलेली.
बूट तिघांना. बाकी आठ जण
दुसऱ्या दिवशी वर्गात बाकाखाली काटे उपटत बसायचे.

पास मागायचा तर तीन भाषांत.
गुरुपाद हत्तुरे ओरडायचा, कोडु!
येमूल, इय्यि!
आणि बाकीचे नुसतं, का बे, दिसत नाही का बे!
चेंडूला सगळं कळायचं.

गोलात गाजूल रामय्या.
रात्री दोनपर्यंत घरच्या मागावर,
बोटांच्या पेरांना सुताचे बारीक चिरे.
चेंडू आला की तो उडी मारायचा नाही,
धोटा झेलावा तसा नुसता हात पुढे करायचा,
जणू तो इकडूनच गेला होता आणि इकडेच यायचा होता.

गुलबर्गा, दोन-शून्य.
मिरज, तीन-एक. (तिथे हत्तुरेचा दात पडला, डॉक्टर आठ आणे.)
होटगीला गाडी बदलताना चेंडू हरवला,
हमालानं रुळांतून आणून दिला, त्याला चहा, एक पैसा.
गड्ड्याच्या जत्रेत आम्ही सगळे एका पाळण्यात बसायला गेलो
आणि पाळणेवाला म्हणाला, अकरा जणांचं वजन नाही पेलणार.
मी म्हटलं, बारा.

मग फेब्रुवारी. विजापूर, आपल्याच मैदानावर.
एक-एक. सात मिनिटं उरलेली.
आणि मिलचा भोंगा झाला.

कसं सांगू? कुणी थांबायचं ठरवलं नव्हतं.
पण या गावात पोरं पाळण्यात असतात तेव्हापासून
भोंगा झाला की आई चुलीवरचा तवा उतरवते,
बाप उठतो, दार वाजतं.
येमूलचा पाय हवेत राहिला.
रामय्यानं मान वळवली, धुराड्याकडे.
अकराच्या अकरा, एका श्वासापुरते.
विजापूरच्या पोरांना काय ठाऊक.
त्यांनी गोल केला.

रेफरी रेल्वेचे गार्ड, फर्नांडिस.
शिट्टी हातात धरून बराच वेळ उभे राहिले.
म्हणाले, ही काही माझी शिट्टी नव्हती, पण गोल गोलच आहे.
रात्री विजापूरच्या कप्तानानं आमच्या फाटकाशी येऊन सांगितलं,
असला गोल आम्हाला नको. दिवाळीनंतर पुन्हा खेळू.
मी तारखेची जागा कोरी सोडली.

सप्टेंबरात लढाई लागली.
हत्तुरे भरती झाला, एक कार्ड आलं, शिक्का वाचता येईना.
येमूल बदलीचा कायम झाला,
खाकी कापडाचे ताके, तीन पाळ्या.
आता भोंगा दिवसातून किती वेळा होतो
ते मोजायचं आम्ही सोडून दिलं.
ब्लॅडर बाजारातून नाहीसं झालं,
चेंडू खिळ्याला लटकून सुकला,
म्हाताऱ्याच्या गालासारखा.

काल वही पुन्हा बेरजेला घेतली.
शिल्लक सात आणे.
प्रत्येक पानाची बेरीज बरोबर, आणि तरी खोट आहे.
लिंबं मी प्रत्येक वेळी लिहिलीत,
पुढे रक्कम नाही.
आमचा लेफ्ट विंग, इस्माईल बागवान,
मामाच्या गाड्यावरून टोपीत घालून आणायचा.
पैसे पुढे केले की म्हणायचा,
सीझन तर संपू दे बे.

पान उलटून पाहिलं.
सीझन संपला, असं मी कुठेच लिहिलेलं नाही.