पान चौदा, ओळ तीन

शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं ऑफिस मोडलं,
तेव्हा लक्ष्मीपुरीतून बशीरचा फोन:
"तुझा कचरा आलाय बघ. किलोवर देतो."

एकशे अकरा फ्लॉप्या.
सव्वापाच इंची, उचलल्या की मान टाकणाऱ्या.
लेबलांवर निळ्या शाईतलं दाबून काढलेलं अक्षर:
ओतीव माल. फेटाळलेला माल. पगार मार्च ९१.

"पगार एप्रिल"मध्ये पगार नव्हता.

बुरशी पुसली. ड्राइव्ह खाकरला, बराच वेळ,
आणि काळ्यावर उगवला मोरपंखी ग्रह,
त्याला जांभळट कडं,
खाली तांदळाएवढं माझं यान.
वरून टोळासारखे ते उतरणार, एवढ्यात
सगळं गोठलं. प्रश्न आला:
पुस्तिकेतलं पान नऊ, ओळ सहा, पहिला शब्द?

पुस्तिका कुठली! खेळ चोरीचा,
आणि प्रश्न चोर धरायलाच ठेवलेला.
तीनदा चुकले, पडदा विझला.
पुन्हा लावला: पान एकतीस.
पुन्हा: पान बावीस.

अक्षराच्या मागावर रुकडीला पोचले.
धनपाल उपाध्ये, टाइमकीपर, रिटायर होऊन अठरा वर्षं,
शेंगा निवडत बसलेले.

"त्ये व्हय!" सूप बाजूला गेलं.
"पुस्तक आमच्याकडंबी न्हवतं.
मशीन बसवाय आलेल्या पोरानं एकच शब्द दिला हुता.
पान चौदा आलं की लंटन.
दुसरं पान आलं की बंद कराय‌चं, परत लावायचं.
रातपाळीला भट्टी तापेस्तोवर
वीस-वीस बाऱ्या लावलाय."

लंटन म्हणजे लँटर्न का, कंदील?
"आसंल. अर्थ कोण बघतंय?"
स्पेलिंग विचारलं, तर त्यांनी डोळे मिटले
आणि मांडीवरच्या शेंगांवर
सात बोटं टाकली, एकामागून एक.

घरी सतराव्या बारीला पान चौदा आलं.
मी तशीच सात बोटं टाकली.

टोळ उतरले. मी चाळीस सेकंदांत मेले.
मग गुणांची यादी, तीन-तीन अक्षरी, दहा ओळी:
नऊ ठिकाणी डी. यू. पी.,
दहाव्याला एस. एच. टी.

फोनवर ते खोकेपर्यंत हसले.
"शेट! रात्री भट्टी बघाय म्हणून यायचा.
एकदाबी वर चढू दिला न्हाई.
माझी पगारवाढ त्यातच गेली बग."

नोंदवहीत लिहिलं: क्रमांक चारशे बारा. चालू.
लेबल बदललं नाही.
रात्री दोनपर्यंत खेळले.
शेटच्या खाली माझा नंबर अकरावा,
आणि यादी दहाचीच.